थैलीवरची प्रार्थना कोणाला बांधते?

फिलिपाइन्समधला दशांशाचा, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देण्याचा, वाद जुना आहे. पण हल्ली तो ज्या तऱ्हेने घातला जातो, ती पाहून वैताग येतो. एक बाजू म्हणते, चर्च म्हणजे करमुक्त दुकान. पास्टर मोटारीतून फिरतो आणि त्याच्या मंडळीतली बाई जीपनीच्या, म्हणजे तिथल्या सामायिक जीपच्या, भाड्याला महाग असते, तेव्हा लावा कर. दुसरी बाजू मलाखी संदेष्ट्याचं एकच वचन हातात घेऊन उभी असते: दशमांश न देणारा देवाला ठकवतो. दोघेही बोलतात ते देणाऱ्याच्या खिशाकडे बघून. एकाला देणारा भोळसट वाटतो, दुसऱ्याला चुकार. आणि या दोघांच्या मधोमध, मनिलापासून मिंदानाओपर्यंत आणि दुबईपासून हाँगकाँगपर्यंत, दर आठवड्याला दानाच्या थैलीवर तागालोग या तिथल्या भाषेत दोन मिनिटांची एक प्रार्थना म्हटली जाते. तिच्यात काय म्हटलंय ते मात्र कोणी कान देऊन ऐकत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दान राहावं, त्यावरची प्रार्थनाही राहावी. जावी ती दहाव्या हिश्श्याची सक्ती, आणि त्याहून आधी जावं ते 'दे म्हणजे दसपट मिळेल' हे आमिष. कारण ती प्रार्थना नीट ऐकली तर कळतं की तिने देणाऱ्याला फारसं बांधलेलंच नाही. ती बांधते घेणाऱ्याला.

मी वसईचा, जन्माने कॅथलिक. आखातात नोकरीला असताना एका फिलिपिनो सहकाऱ्याबरोबर त्यांच्या उपासनेला अधूनमधून जात असे. हॉटेलचा भाड्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, रात्रपाळी संपवून तशाच आलेल्या नर्सेस, दुकानांतल्या विक्रेत्या मुली, दोन-चार ड्रायव्हर. गाणी झाली की कोणीतरी 'इकापू' आणि 'हंडोग', म्हणजे दशांश आणि अर्पण, यांसाठी पुढे येई. बहुतेकदा पास्टर नव्हे, मंडळीतलाच कोणी. पांढरी पाकिटं थैलीत पडत, आणि मग प्रार्थना: आमा नामिन, मारामिंग सालामात पो. हे पित्या, खूप खूप आभार. कामासाठी, व्हिसासाठी, घरी ठेवून आलेल्या लेकरांच्या तब्येतीसाठी आभार. वाक्यावाक्याला आदराचा 'पो', जसा एखाद्या वडीलधाऱ्याशी बोलताना लावतात तसा. मग मागणं. हे अर्पण गोड करून घे. ज्यांनी दिलं त्यांना आशीर्वाद दे, ज्यांना आज देता आलं नाही त्यांनाही दे. ज्यांच्या हाती हा पैसा जाणार आहे त्यांना शहाणपण दे, तो तुझ्याच कामी लागू दे. आणि शेवटाकडे, जवळपास ठरलेलं, तोंडात बसलेलं एक वाक्य: देणाऱ्यांना 'सिकसिक, लिगलिग, उमाआपाव' परत मिळू दे. लूकच्या शुभवर्तमानातलं ते माप. आपल्या मराठी बायबलात ते दाबून, हालवून आणि शीग भरून येतं.

या चिमुकल्या प्रार्थनेत दोन वाक्यांचं एकमेकांशी भांडण आहे. एक वाक्य घेणाऱ्यांसाठी शहाणपण मागतं, म्हणजे त्यांना विश्वस्त ठरवतं. दुसरं शीग भरून परतफेड मागतं, म्हणजे देवाला देणेकरी ठरवतं. फिलिपाइन्समधली सगळी भानगड, चांगली आणि वाईट, यांतल्या कोणत्या वाक्यावर किती भार टाकला यावरून झालेली आहे.

परतफेडीच्या वाक्यावर सगळा भार टाकला की काय होतं, त्याचं टोकाचं उदाहरण फार जुनं नाही. मिंदानाओत कापा नावाची एक धार्मिक संस्था होती. नोंदणी ना-नफा धार्मिक मंडळ म्हणून. लोकांनी तिला 'देणगी' द्यायची आणि संस्थेने दरमहा त्या देणगीच्या ३० टक्के 'आशीर्वाद' म्हणून परत द्यायचे, तेही जन्मभर. महिन्याला ३० टक्के! असला आकडा ऐकून आपल्याकडचा भिशी चालवणारासुद्धा दचकेल. पण तो आकडा व्याज म्हणून सांगितलेलाच नव्हता. देणगी, आशीर्वाद, प्रेमाची भेट अशीच भाषा होती, आणि प्रश्न विचारणारा म्हणजे श्रद्धा कमी पडलेला. २०१९ मध्ये तिथल्या रोखे आयोगाने संस्थेची नोंदणी रद्द केली, राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी ती बंद करण्याचा आदेश दिला, आणि संस्थापक २०२० मध्ये सुरिगाव देल सुरमध्ये पकडला गेला. तरीही बंदीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. ते सगळे मूर्ख होते का? दर रविवारी थैलीवर जे वाक्य त्यांनी ऐकलं होतं, तेच कापाने त्यांना तारीखवार लिहून दिलं होतं.

टीकाकारांच्या भात्यात असे आणखी बाण आहेत. दावाओचे पंथप्रमुख किबोलॉय यांच्यावर अमेरिकेत २०२१ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रात, अनुयायांना देणग्या गोळा करण्यासाठी राबवून घेतल्याचा आरोप आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना अटक झाली. ते आरोप ते नाकारतात, आणि निवाडा न्यायालयाने करायचा आहे. मला मात्र अशा टोकाच्या प्रकरणांपेक्षा रोजचं, कायदेशीर, सौम्य रूप जास्त महत्त्वाचं वाटतं. एल शद्दाय या कॅथलिक करिश्माई चळवळीच्या मनिलातल्या मेळाव्यांत लाखांनी माणसं जमत. आशीर्वादाच्या वेळी छत्र्या उघडून उलट्या धरायच्या, म्हणजे वरून पडेल ते आत साठेल. पासपोर्ट आणि बँकेची पासबुकं हात उंचावून दाखवायची. हे वर्णन वाचून हसणाऱ्याने क्षणभर थांबावं. ज्या देशातले २० लाखांहून जास्त लोक कोणत्याही वेळी परदेशी राबत असतात, त्या देशात पासपोर्टवर आशीर्वाद मागणं हा अडाणीपणा नाही. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर आधी देवळासमोर उभा राहतो आणि मग शेतात जातो. हरकत पासपोर्टला नाही. हरकत आहे ती पाकिटात किती घातलं यावर आशीर्वादाची मात्रा ठरते, या सूचनेला.

आता समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करायला हवं, आणि ते 'देवाला ठकवू नका' हे नव्हे. पहिला मुद्दा गरिबाच्या मानाचा. गरिबाने द्यायचंच नाही, त्याने फक्त घ्यायचं, असं ठरवणारे आपण कोण? दया दाखवणाऱ्याच्या मनात एक उद्धटपणा लपलेला असतो, आणि दशांश देणारी मोलकरीण त्याला सरळ उत्तर देते: मीही या मंडळीची मालकीण आहे, लाभार्थी नाही. मिझोरामच्या चर्चमध्ये बायका विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रोज रांधताना मूठभर तांदूळ बाजूला काढत आल्या आहेत. त्या मुठींवर तिथल्या चर्चचं केवढं काम उभं राहिलं! परदेशी मिशनच्या पैशावर जगणारी मंडळी आणि स्वतःच्या मुठीवर जगणारी मंडळी यांच्या पाठीच्या कण्यात फरक असतो. अहमदनगरकडच्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा मुद्दा समानतेचा: ठरावीक रक्कम सगळ्यांना सारखी नसते, पण दहावा हिस्सा सगळ्यांना सारखा. श्रीमंताने जास्त द्यावं, गरिबाने कमी. वरवर हे बिनतोड दिसतं. पण जरा हिशेब मांडून बघा. मेट्रो मनिलात जुलै २०२५ पासून किमान मजुरी दिवसाला ६९५ पेसो आहे. दहावा हिस्सा साडेएकोणसत्तर. म्हणजे घरातला त्या दिवसाचा किलो-दीड किलो तांदूळ. महिन्याला सात लाख मिळवणाऱ्याचा दहावा हिस्सा सत्तर हजार. पण उरलेल्या सहा लाख तीस हजारांत त्याच्या ताटातलं शीतही कमी होत नाही. हिस्सा सारखा आणि झळ वेगळी, याला समानता म्हणता येईल का? इस्लाममध्ये जकातीला उंबरठा आहे. ठरावीक मत्तेच्या खाली असलेल्याने द्यायचं नसतं, उलट तोच घेणारा ठरतो. आणि वर ती मत्तेच्या चाळिसाव्या हिश्श्याची, मजुरीच्या दहाव्याची नव्हे. तेव्हा गरिबाला वगळलं की धर्म बुडतो, हे काही खरं नाही. गरिबाने आपखुशीने मूठ काढणं हा त्याचा मान आहे, हे मला शंभर टक्के पटतं. पण मूठ किती मोठी हे दुसऱ्याने ठरवलं, की मान संपतो आणि पट्टी सुरू होते.

पट्टीचा इतिहास तर उघड आहे. फ्रँक राजा शार्लमेनने आठव्या शतकात दशांश कायद्याने सक्तीचा केला, आणि पुढे हजार वर्षं युरोपातल्या शेतकऱ्याने तो धान्यात, कोकरांत, अंड्यांत भरला. फ्रान्समध्ये १७८९ च्या ऑगस्टमध्ये तो रद्द झाला तेव्हा कोणी रडलं नाही. आयर्लंडमध्ये कॅथलिक शेतकऱ्यांकडून प्रॉटेस्टंट चर्चसाठी दशांश वसूल होई, आणि १८३० च्या दशकात त्यावरून रक्त सांडलं. गंमत अशी की फिलिपाइन्सच्या इव्हँजेलिकल मंडळींतला दशांश या जुन्या युरोपीय वाटेने आलेला नाही. तो मुख्यतः १८९८ नंतर अमेरिकी मिशनऱ्यांबरोबर आला. ज्या देशात चर्चला सरकारी पैसा मिळत नव्हता आणि मंडळीला मागूनच जगावं लागे, अशा देशातून. म्हणजे सक्ती गेल्यावर जी रीत ऐच्छिक म्हणून पुन्हा उभी राहिली, तिच्यावर आता मलाखीचा धाक चढवून ती पुन्हा सक्तीची केली जाते आहे.

आणि मलाखीच घ्यायचा तर पुरता घ्यावा. चार छोटे अध्याय आहेत. पहिल्या दोन अध्यायांत संदेष्टा कोणाला झोडपतो? याजकांना! आंधळी, लंगडी जनावरं वेदीवर चढवणाऱ्या, पक्षपात करणाऱ्या याजकांना. तिसऱ्यात दशमांशाच्या वचनाच्या थोडंच आधी देव सांगतो की मजुराची मजुरी अडकवणाऱ्यांविरुद्ध, विधवेला आणि अनाथाला नाडणाऱ्यांविरुद्ध मी साक्षीला उभा राहीन. हे सगळं गाळून 'भांडारात आणा' एवढंच वाचून दाखवणं म्हणजे कोर्टाचा निकाल वाचताना फक्त आपल्या बाजूचं पान वाचणं. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकात तर दशमांशाचा उपयोग काय सांगितलाय? देणाऱ्याने कुटुंबासह देवासमोर बसून तो खावा. लांबचा प्रवास असेल तर विकून पैसे न्यावेत आणि तिथे मनाला येईल ते घ्यावं, द्राक्षारससुद्धा. आणि दर तिसऱ्या वर्षी तो लेवी (देवळाची सेवा करणारा वंश), परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी गावातच ठेवावा. लेव्याचा वाटा होता, नाही असं नाही. पण त्याच्याबरोबर पंगतीला कोण बसलं होतं ते पाहा.

देवळाच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेच्या गोष्टीचंही तसंच. थैली फिरण्याआधीच्या पाच मिनिटांच्या प्रवचनात ती विधवा हटकून येते: तिने होतं नव्हतं ते सगळं टाकलं, तुम्ही दहावा हिस्सासुद्धा देत नाही? मार्कच्या शुभवर्तमानात ती गोष्ट सुरू होण्याआधीचंच वाक्य आहे की शास्त्री विधवांची घरं गिळतात. आणि ती संपल्याबरोबर येशू त्या देवळाबद्दल म्हणतो की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. दोन बाजूंना ही दोन वाक्यं असताना मधली गोष्ट निधी-संकलनाची जाहिरात कशी वाचता येते, हे मला अजून समजलेलं नाही. येशूने तिच्या मनाची थोरवी सांगितली, हे खरंच. पण तिच्या घरी त्या रात्री चूल कशी पेटली, हा प्रश्न त्याने देवळाला माफ केलेला नाही.

शीग भरलेल्या मापाचं वचन तर ज्या परिच्छेदात आहे, तिथे आधी सांगितलंय की परत मिळण्याची आशा न धरता उसनं द्या, दोष काढू नका, क्षमा करा. माप त्या दयेचं आहे. परतफेडीची आशा सोडा, असं सांगणाऱ्या उपदेशातूनच परतफेडीची हमी काढायची, हे कसब मोठंच.

मग थैलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्यांबद्दल ग्रंथ काय म्हणतो? यहुद्यांचा प्रांताधिकारी नहेम्या यरुशलेमला परत आला तेव्हा लेव्यांचे वाटे मिळत नव्हते आणि ते पोटासाठी आपापल्या शेतावर निघून गेले होते. त्याने लोकांना जाब विचारला नाही, अधिकाऱ्यांना विचारला. आणि दशमांश पुन्हा येऊ लागल्यावर भांडारांवर माणसं नेमली. का, तर ती विश्वासू म्हणून ओळखली जात. प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेत होता. त्याने ती एकट्याने नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, आणि करिंथकरांना कारण स्पष्ट लिहिलं: या मोठ्या रकमेवरून आमच्यावर कोणी बोट ठेवू नये, प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही आम्ही चोख असावं. खुद्द पौलाला साक्षीदार लागले. मग 'आम्ही देवाला हिशेब देऊ' असं म्हणणारा पास्टर पौलाहून मोठा का? तागालोग प्रार्थनेतलं ते शहाणपण मागणारं वाक्य याच परंपरेतलं आहे. ते मंडळीसमोर, मोठ्याने, पैसे हातात असताना म्हटलं जातं. चारचौघांत घेतलेली ती शपथ आहे.

या प्रार्थनेचं विडंबन तागालोगने आधीच पाहिलेलं आहे, हेही इथे सांगायला हवं. १८८८ च्या सुमाराला फिलिपिनो लेखक मार्सेलो देल पिलार यांनी स्पॅनिश फ्रायरांवर, म्हणजे संघवासी धर्मगुरूंवर, प्रार्थनांच्याच चालीत उपहास लिहिला. मरियेच्या वंदनेच्या जागी नाण्याची वंदना: हे नाणेबाई, तू दानपेटी भरून टाकतेस, फ्रायर तुझ्याबरोबर असो! ज्या भाषेत १५९३ पासून छापील प्रार्थना होत्या, जिच्यात गावोगावी लोक रोज जपमाळ म्हणत, त्या भाषेत हा घाव बरोबर वर्मी बसला. घाव बसावा असंच चाललं होतं. लग्नाला दर, बारशाला दर, प्रेतयात्रेला पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचे दर, आणि भोवताली फ्रायर संघांच्या हासियेंदा, म्हणजे मोठाल्या जमीनदाऱ्या. अमेरिकी सरकारने १९०३ मध्ये त्या जमिनी विकत घेतल्या, तेव्हा त्या चार लाख एकरांच्या वर भरल्या.

देल पिलारांच्या पाचेक वर्षं आधी जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. गर्भाधानापासून तेराव्यापर्यंत कुणब्याच्या घरातून दक्षिणा कशी उपसली जाते, याची जंत्रीच त्यात आहे. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती, दोघांचं दुखणं एक होतं. पण पुढचं पाऊल वेगळं पडलं, आणि माझ्या युक्तिवादाला ते फार लागतं. फुले विडंबनावर थांबले नाहीत. त्यांनी लग्नविधी नव्याने बांधला, मराठीत मंगलाष्टकं रचली, आणि त्यांत वधूवर एकमेकांना वचन देतात. भटाने देवाला काय सांगितलं यावर लग्न लागत नाही. मंत्र फेकून न देता त्याची बांधिलकी बदलली. फिलिपाइन्सच्या वादात हे पाऊल टाकायचंच राहिलेलं आहे. टीकाकार अजून नाणेबाईच्या वंदनेवर हसताहेत आणि समर्थक जुनीच वंदना म्हणताहेत.

कॅथलिक चर्चने, उशिरा का होईना, एक पाऊल उचललं. संस्कारांच्या त्या दरपत्रकाला तिथे आरान्सेल म्हणतात. १९९१ च्या दुसऱ्या राष्ट्रीय धर्मपरिषदेत ते हटवण्याची हाक दिली गेली. तीस वर्षं ती हाक कागदावर राहिली, आणि २०२१ च्या जानेवारीत, ख्रिस्ती धर्म येऊन पाचशे वर्षं होण्याच्या निमित्ताने, बिशप परिषदेने पत्र काढून दरपत्रकं हळूहळू बंद करण्याचं आवाहन केलं. त्याजागी ऐच्छिक दान. सगळीकडे झालं असं नाही; गरीब धर्मग्रामाच्या फादरला विजेचं बिल चुकत नाही, हेही खरं. इग्लेसिया नी क्रिस्तो हा तिथला मोठा देशी पंथ तर दशांश ख्रिस्ती माणसावर बंधनकारक नाही असंच शिकवतो आणि ऐच्छिक अर्पणावर चालतो. त्यांची भव्य पांढरी, टोकदार मनोऱ्यांची मंदिरं पाहिली की सक्तीशिवाय पैसा जमत नाही ही भीती तरी खोटी ठरते. ऐच्छिक म्हटल्याने हिशेब आपोआप उघडा होतो, असं मात्र नाही.

म्हणूनच 'कर लावा' ही घोषणा मला चुकीच्या दारावरची थाप वाटते. १९८७ च्या फिलिपिनो राज्यघटनेने धर्मकार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जागांना करमाफी दिली आहे, मशिदींनाही. आणि धर्म व राज्य यांची फारकत अभंग म्हटली आहे. हुकूमशहा मार्कोसच्या लष्करी कायद्याचा अनुभव घेतलेल्या देशाला सरकारी हात देवळाच्या तिजोरीत नको असेल, तर ती भीती पोकळ नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये क्वेझोन सिटीच्या मागिनहावा रस्त्यावर एका तरुणीने बांबूच्या गाड्यावर भाजी-तांदूळ मांडून पाटी लावली: ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे घ्या. बघता बघता देशभर अशा मांडण्या उभ्या राहिल्या, आणि लगेच सरकारी यंत्रणांना त्यांत कम्युनिस्ट दिसू लागले. त्या सरकारच्या हाती दानाच्या वह्या द्यायच्या? शिवाय कर घेतल्याने त्या नर्सच्या पाकिटाचं काय झालं, हे तिला कळणार आहे का? कर सरकारला कळवेल, मंडळीला नाही. महाराष्ट्रात पुष्कळशी देवस्थानं आणि चर्च १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली येतात, धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षण जातं. ते असणं बरंच. पण त्या फायली उघडून आपल्या देवळाचा ताळेबंद कोणी वाचला आहे, असे भाविक तुम्हाला किती भेटले?

वाट दुसरी आहे आणि ती एका धर्माने चालून दाखवली आहे. शिखांमध्ये दसवंध आहे, तोही दहावा हिस्सा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुरुद्वारे महंतांच्या खासगी मालमत्तेसारखे झाले होते. ननकाना साहिबला फेब्रुवारी १९२१ मध्ये महंताच्या माणसांनी शिखांची कत्तल केली. शिखांनी दान बंद केलं नाही आणि अरदास, म्हणजे त्यांची प्रार्थना, तीही सोडली नाही. त्यांनी व्यवस्थापन हातात घेतलं. १९२५ च्या कायद्याने निवडून आलेली समिती आली. त्या समितीच्या राजकारणाबद्दल आज पुष्कळ वाईट बोलता येईल, नांदेडच्या हुजूर साहिबच्या मंडळावरूनही वाद होतातच. पण तो वाद पैसे देणाऱ्यांना घालता येतो. मनिलातल्या भाड्याच्या हॉलमधल्या पाकिटाबद्दल तो घालता येत नाही, कारण विचारणं म्हणजेच अश्रद्धा.

याला एक प्रामाणिक आक्षेप येईल: चाळीस माणसांची मंडळी, पास्टर स्वतः ट्रायसिकल चालवून पोट भरतो, त्याच्याकडे लेखापाल कुठून येणार? लेखापाल नकोच. एक वही आणि मंडळीतली दोन माणसं पुरेत, पास्टरच्या घरची नसलेली. मागच्या महिन्यात किती आलं, भाड्याला किती गेलं, पास्टरच्या हाती किती पडलं, कोणाच्या औषधाला किती दिलं, हे थैली फिरण्याआधी वाचायचं. आता पुष्कळांचं दान जीकॅशच्या क्यूआर कोडवर जातं. तो कोड कोणाच्या नावाचा आहे, मंडळीच्या की पास्टरच्या, हे तर एका वाक्यात सांगता येतं. पास्टरला मानधन मिळतं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कामकऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे. लाज आकडा लपवण्यात आहे. आणि ज्यांनी घरच्या मंडळीला आखातातून पैसे धाडले आहेत त्यांना त्या पानाचा फोटो धाडायचा. विमानतळाची पायरी न चढलेला भाऊ, परदेशातल्या बहिणीने घराच्या कौलांसाठी धाडलेल्या पैशांचा हिशेब तिला देतो, तर मंडळीने का देऊ नये?

हे झालं तर प्रार्थनेतला एकही शब्द बदलावा लागणार नाही. फक्त क्रम बदलेल: आधी वही, मग थैली, मग शहाणपण मागणारं ते वाक्य, आणि ते म्हणायला पुढे येतील ती वही लिहिणारी दोघंजण. शीग भरलेल्या मापाचं वाक्य ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं. माझी त्यांना एकच विनंती, त्याच्या आधीचं, उसनं परत मागू नका सांगणारं वचनही त्याच दमात वाचावं, आणि ज्यांना आज देता आलं नाही त्यांचा उल्लेख कधीच गाळू नये. हॉलच्या मागच्या ओळीत, थैली आपल्यापुढून गेल्यावर मांडीवरच्या पर्सकडे बघत बसलेल्या बाईसाठी त्या प्रार्थनेतली तेवढीच जागा आहे.